लाल चिंधी लावलेली पट्टी

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे विश्वस्त, ज्यांच्यासाठी आपण आज जमलो ते आपले टेलरकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू आणि दर आठवड्याला याच दालनात प्रार्थनेला येणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

काकांबद्दल बोलण्याचा मान मला मिळाला, कारण मी त्यांचा शिष्य, असं पत्रिकेत छापलंय. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला होता, तेव्हा पहिली दुरुस्ती तिथूनच करतो. मी काकांचा शिष्य नाही. मी त्यांच्या जागेवर बसलेला माणूस आहे.

काका परवा कायमचे मुलीकडे राहायला जातायत. बावीस वर्षं त्यांनी इथे पेटी वाजवली. दुकान बंद करून यायचे ते गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून. अध्यक्षबाई आत्ता म्हणाल्या, "काकांना पुष्पहार घालायची गरजच नव्हती, त्यांच्या गळ्यात कायम काहीतरी असतंच." आपण सगळे हसलो. पण त्या बावीस वर्षांनंतर नऊ वर्षं काका शेवटच्या रांगेत बसले, त्याबद्दल आज कोणी बोललं नाही. निरोपाच्या दिवशी कोण कशाला बोलेल? मी मात्र बोललंच पाहिजे.

नऊ वर्षांपूर्वी मी समितीला नम्रपणे सांगितलं की काकांची बोटं आता अडखळतात. नाही, नम्रपणे नाही. नम्र वाटेल अशा आवाजात सांगितलं. ते दोन ओळींच्या मध्ये थांबायचे, हे खरंच होतं. मी सहा वर्षं गाणं शिकलेलो. मला वाटायचं, देवाने गळा दिलाय तो देवाच्याच कामी यावा. वाटण्यात वाईट काय होतं? वाईट एवढंच, की त्यात देव थोडा होता आणि गळा फार होता.

काकांनी पेटी माझ्या स्वाधीन केली. पहिल्या काळ्या पट्टीवर त्यांनी लाल कापडाची चिंधी चिकटवलेली होती. सूर तिथून धरायचा, म्हणजे सगळ्यांना झेपतो. मी ती पहिल्याच दिवशी नखाने खरवडून काढली आणि तिसऱ्या काळ्या पट्टीवरून गायला लागलो. माझा आवाज तिथे खुलतो. पुढच्या आठवड्यात काका हळूच म्हणाले, "थोडं खाली घेतोस का रे?" मी म्हणालो, "काका, काळ बदललाय."

हळूहळू दालन शांत होत गेलं. मला वाटलं, लोक तल्लीन होतायत. दूधवाले भाऊ आधी गायचे. त्यांचा आवाज म्हणजे रिकामी कॅन फरशीवरून ओढल्यासारखा. भाऊ, रागावू नका, हे वाक्य तुमचंच आहे. तेही गप्प झाले. मला बरंच वाटलं. आणि दुसऱ्या रांगेत डोळे मिटून बसलेली माझी आई. मी पाहुण्यांना सांगायचो, बघा, आईची समाधी लागते.

गेल्या महिन्यात या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला मी दुकानात गेलो. काका मशीनवर पाठमोरे बसून गात होते. आपलीच प्रार्थना. माझ्या पट्टीच्याही एक सूर वर, आणि कुठे ओरखडा नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मी दारातच थांबलो.

"काका, तुम्ही इतकं वर गाता?"

"एकटा असलो की गातो."

"मग तिकडे कधी का नाही गायलात?"

त्यांनी दाताने दोरा तोडला. "आपल्या मापाचा सदरा गिऱ्हाइकाला शिवतात का रे?"

"आणि बोटं अडखळायची ती?"

"अडखळत नव्हती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना श्वास घ्यायला वेळ देत होतो." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बस, चहा घे. उभा किती वेळ राहशील?"

मी चहा न घेताच निघालो. घरी येऊन विचारलं, "आई, तू प्रार्थनेत गात का नाहीस?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझ्या सुरापर्यंत पोचत नाही रे मी. मध्येच आवाज फाटला तर तुझ्या गाण्याला गालबोट नको. ऐकते की."

नऊ वर्षं. मी आईला तिच्याच प्रार्थनेत श्रोता करून ठेवलं आणि त्याला सेवा म्हणत राहिलो. तुम्ही दरवर्षी टाळ्या वाजवल्यात, मी वाकून त्या घेतल्या. आज त्या आठवल्या की मान वर होत नाही.

अध्यक्षबाई घड्याळ बघतायत. संपवतो.

काका, आज सकाळी मी त्याच पट्टीवर लाल चिंधी परत चिकटवली. वाकडी बसलीय, चिंधीसुद्धा मला सरळ लावता येत नाही. तुम्ही जायच्या आधी ती नीट लावून द्याल का? कार्यक्रमपत्रिकेत समारोपाची प्रार्थना माझ्या नावावर आहे. तीही तुम्हीच वाजवावी, अशी हात जोडून विनंती. ओळींच्या मध्ये पूर्वी थांबायचात तसंच थांबा. कुठे आणि किती, ते मी मोजणार आहे. पुढच्या आठवड्यापासून मलाही तिथेच थांबायचंय.

विश्वस्तांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण मोठ्या मनाने सोडून द्या. नऊ वर्षांचं जे आहे, ते सोडायचं की नाही हे काकांनी ठरवावं. लगेच नाही ठरवलं तरी चालेल.

भाऊ, जरा सरकता का? मला आईशेजारी बसायचंय. आई, तू सुरू कर. मी तुझ्या मागून येतो.