साक्ष द्यायला दुसरं कुणी बघा

नाही पाळकसाहेब, मी नाही येणार शनिवारी वर्गात साक्ष द्यायला — आणि ती खुर्ची नका घेऊ, पाय ढिला आहे तिचा, त्या टायरवर बसा, आत्ताच पुसलाय. घरभेटींचा नवा वर्ग सुरू करताय, चांगलं आहे, करा. पंधरा जणांनी नावं दिली? पंधरा! आमच्या वेळी आठ होतो आणि त्यातले दोन नुसते चहाला यायचे. पाळकानंच सगळं करायचं तर बाकीची मंडळी काय बाकडी गरम करायला आहे का — हे तुमचं वाक्य अजून पाठ आहे मला. टायरवाल्याला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं हो, की तूही सेवक आहेस. सहा शनिवार शिकवलंत — आजाऱ्यापाशी कसं बसायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, उपदेश झाडायचा नाही, एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. तुम्ही बाकावर आडवे होऊन आजाऱ्याचं सोंग घेतलंत, मी भेटीला आलो, आणि पहिलंच काय विचारलं? — 'डॉक्टर काय म्हणतात, वाचाल ना?' किती हसले सगळे! तुम्हीसुद्धा उठून बसलात.

मग घरं वाटलीत. गवंड्याचं घर मला. त्याची बायको उपासनेला सुजलेला ओठ घेऊन यायची आणि दार लागलं म्हणायची — दर महिन्याला दार लागतं का कुणाला? पाच गुरुवार गेलो मी. तो चांगला बोलायचा, अगदी मान खाली घालून. 'माझा हात सुटतो दादा,' म्हणायचा, 'मला कळतच नाही कधी सुटला.' मी तुमच्या वर्गातल्यासारखा गप्प ऐकायचो. पण आतून मला ठाऊक होतं, की हा खोटं बोलतोय. कळतं. हात सुटायच्या आधी चांगलं कळतं — कुठल्या हातानं मारायचं, कुठं मारलं तर कपड्याखाली झाकलं जाईल, सगळं कळतं. मला कसं ठाऊक? आता... असू द्या. एवढं ऐकलंच आहे तर पुढचंही ऐका. माझ्या बायकोचा डावा खांदा जरा खाली आहे, बघितलाय ना? तुम्ही एकदा विचारलंत, तर ती म्हणाली जिन्यावरून पडले. जिना आहे, हाच, दुकानातून वर घरात जातो तो, पण ती पडली नव्हती. अकरा वर्षं झाली. हे हाड इथं, गळ्याखालचं, ते मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. डॉक्टरला जिन्याचं मीच सांगितलं, ती नुसती मान हलवत होती. त्यानंतर मी चर्चला यायला लागलो, सुधारलो — तुम्हाला वाटतं आईच्या मरणानं सुधारलो, मीच तसं सांगितलं होतं.

तर गवंड्याची बायको शेवटी घर सोडून निघाली. शिवणबाईंच्या खोलीत तिला ठेवलंत तुम्ही. चौघांनाच ठाऊक, पाचव्याच्या कानावर जायला नको, असं बजावलंत. तिची ट्रंक मीच पोचवली गाडीवरून. आणि त्या रविवारी दुपारी, उपासना सुटल्यावर, गवंडी इथं आला. इथंच, जॅकपाशी उकिडवा बसला आणि रडला. नाक गळत होतं त्याचं. 'तिच्या पाया पडतो, माफी मागतो, एकदाच भेटव,' म्हणाला. तुम्ही, मंडळीतले सगळे, समजता की तो तिच्या मागावर राहून पोचला. नाही हो — मी सांगितलं. या तोंडानं. का सांगितलं? दया आली म्हणून, असं मी वर्षभर स्वतःला समजावलं. पण नुसती दया नव्हती ती. मला वाटलं, मोडलेलं घर मी जोडलं, टायरवाल्यानं, पाळकाला न विचारता — पुढच्या रविवारी मंडळीपुढं उभा राहून सांगेन. छाती फुगली होती माझी. आणि शिवाय — माझी बायको परत नांदलीच की माझ्याशी! मग याची का नाही नांदणार?

जाताना त्यानं विचारलं, 'दार आतून लागतं का?' आणि मी म्हणालो, 'कडी नीट बसत नाही.' ...म्हणालो हो! तो गेला, मी एक ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, बुडबुडे बघत बसलो, आणि मग एकदम डोक्यात आलं — माफी मागणाऱ्याला कडीशी काय करायचंय?

गाडी काढली. हातात ही टायर काढायची पट्टी होती, ती तशीच राहिली. खोलीचं दार उघडं. शिवणबाई उंबऱ्यात बसलेल्या, कपाळ फुटलेलं, हातात कात्री, पण ती धरायचीसुद्धा ताकद नाही. मशीन उलटलेलं, आणि तो त्याचा विटा फोडायचा हातोडा घेऊन टेबलाखाली वाकून मारत होता. टेबलाखाली ती होती. मी त्याच्या मनगटावर पट्टी हाणली, हातोडा पडला. तो वळला, डोकं खाली घालून माझ्या पोटात घुसला, आम्ही दोघं मशीनवर आपटलो, त्यानं माझा कान दातात धरला — ही खूण बघा — मी गुडघा घातला, तो आडवा झाला. इथं संपलं. इथपर्यंतचं सगळं खरं आहे, जसं मंडळीत सांगतात तसं. पण मी थांबलो नाही. तो पडल्यावर मारलं. खांद्यावर, बरगड्यांवर, परत त्याच हातावर. 'बस दादा,' म्हणत होता, तरी मारलं. आणि मला सगळं कळत होतं, साहेब. हात सुटला नव्हता. मोजून मारत होतो — बरं वाटत होतं, दहा वर्षांनी बरं वाटत होतं! ती टेबलाखालून बाहेर आली, एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त, आणि तिनं माझा पाय धरला. 'नका हो मारू, नका मारू' — मला. त्याला नाही, मला म्हणत होती.

शिवणबाईंनी पोलिसांना सांगितलं, तीनच फटके, जीव वाचवायला. देवाचं नाव घेऊन खोटं बोलल्या बिचाऱ्या. तो तुरुंगात गेला, त्याचा उजवा हात आता थापी धरत नाही. आणि तुम्ही मला वेदीपुढं उभं केलंत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको कुठं होती त्या वेळी? बघितलं नसेल तुम्ही. ती उठून बाहेर गेली होती.

मग वर्गापुढं कुणी उभं राहायचं म्हणता? तिनं राहायचं — गवंड्याच्या बायकोनं. हसू नका, मी थट्टा करत नाहीये. गेल्या आठवड्यात ती एकटी त्या बायकोला मारणाऱ्या ट्रकड्रायव्हरच्या घरी गेली, कुणी पाठवलं नव्हतं. त्यानं स्टूल फेकलं, तिच्या दंडाला लागलं. ती पायरीवरच बसली. दुपारी बसली ती तिन्हीसांजेपर्यंत बसली, त्याची बायको पोर कडेवर घेऊन बाहेर येईपर्यंत. एक उपदेश नाही, काही नाही! मी तिच्याकडं गेलो परवा, हात जोडले, म्हटलं वहिनी, पत्ता मी दिला होता. म्हणाली, 'माहीत आहे. दारातच ओरडला तो, तुमच्या टायरवाल्यानंच सांगितलं म्हणून.' चौदा महिने! चौदा महिने ती माझ्या पुढच्या बाकावर बसतेय, एक शब्द नाही. म्हटलं, शिव्या तरी द्या. तर म्हणाली, 'माझ्याशी नंतर बोला. आधी घरी जाऊन बायकोला विचारा, तुमची भीती गेली का म्हणून. आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.'

विचारलं. काल विचारलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, 'खाली तुम्ही टायर बडवत असता ना, तोवर मी निवांत असते. आवाज थांबला, की मी जिन्याकडं बघते.'

रोज, साहेब. दिवसातून किती वेळा थांबतो तो आवाज!

नको, प्रार्थना नको आत्ता. खांद्यावर हात नका ठेवू — नका ठेवू म्हटलं ना! ...माफ करा. ओरडलो. बघा, वर पावलं वाजली. ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली असेल. जा तुम्ही. मला काम करू द्या.