‘येऊन राह्यलो’चं ॲनिमेशन

अबे, तुमी हासा, पण त्या दिवशी मले एका जागी बसवत नव्हतं. यवतमाळच्या कॉलेजात आमचं ॲनिमेशनचं प्रॅक्टिकल होतं. एक-दोन शब्द घ्या अन् असे हलवा, का हलण्यातूनच अर्थ दिसला पाहिजे. मी घेतलं ‘येऊन राह्यलो’. अक्षरं डावीकडून निघत, डुलत डुलत येत, पण मधात काही पोचत नव्हती.

सर नवीन, पुण्याचे. म्हणे, “चुकलं. येऊन राहिलो म्हणजे येऊन थांबलो. अक्षरं मध्ये येऊन थांबायला हवीत.”

“नाही सर, थांबलो नाही. अजून येऊनच राह्यलो.”

“मग पोचणार कधी?”

आता हे कसं समजावू? तिकडं लॅपटॉपची बॅटरी लाल, अन् माझा चार्जर घेऊन माझा दोस्त प्रफुल्ल दिग्रसहून यायचा होता. मी फोन स्पीकरवर टाकला. “कुठं हायेस बे?”

“येऊन राह्यलो न भाऊ!”

मागून त्याची माय ओरडली, “आंघोळीचं पाणी थंड होऊन राह्यलं, आता उठतं का नाही?”

सरनं फोनकडं पाह्यलं, मंग स्क्रीनकडं. अक्षरं येऊनच राह्यली होती.

“कळलं,” सर म्हणाले. “चल, तोवर जेवून घेऊ.”