मोकाची साक्ष

(ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरिना भागात, असुंता बोर्तोलिनची संत्र्याची बाग. झाडांना नुकताच बहर आला आहे. शेजारचा गुरमेल असुंताला नोना, म्हणजे इटालियनमध्ये आजी, म्हणतो.)

रोवेना : आणि हा बघा, हाही तोच. डावा कान अर्धा. मिसेस बोर्तोलिन, आठ शेतांचे आठ फोटो, आणि आठही चरांत एकच कुत्रा!

असुंता : मोका आहे तो. या गुरमेलचा. देखणा आलाय की गं!

रोवेना : मी कौतुक करायला आलेली नाही. मी अनुदानाच्या खात्यातून आलेय. आमच्या संगणकाचं म्हणणं, तुम्ही एकच मोठी नळी पुरलीत आणि आठ जणांनी तिच्यापाशी फोटो काढून ठिबकचं अनुदान मागितलंत.

असुंता : कुत्रा ओळखतो होय तुमचा संगणक? मग मी फोन केला की दर वेळी मलाच का विचारतो, तू कोण म्हणून?

गुरमेल : नोना, जरा दम खा. मॅडम, चर खणायचं यंत्र आमच्या पाटावर एकच, ते माझं. ज्याच्या शेतात यंत्र, तिथं मी. जिथं मी, तिथं मोका. ताजी माती दिसली की हा लोळलाच म्हणून समजा.

रोवेना : हे अर्जात का नाही लिहिलं?

गुरमेल : कुत्र्याचा रकानाच नव्हता त्यात.

रोवेना : हसण्यावारी नेऊ नका. या वरच्या बारीक नळ्या कुणीही अंथरेल. खाली मोठी नळी आहे कशावरून? एका ठिकाणी खणून दाखवा.

असुंता : खणून? आणि मुळं तोडू? मी आणि सिल्व्हियोनं लग्नाच्या वर्षी लावलीत ही झाडं. तो गेला, झाडं राहिली. शुक्रवारी तुम्ही जुना पाट बुजवणार. तुझी सही नसेल तर नव्या नळाला पाणी नाही. बहर धरलाय, उन्हाळा तोंडावर आलाय. जळून जातील गं सगळी. मला भीती वाटते, खरंच वाटते.

रोवेना : मग पाणी सोडून दाखवा ना.

गुरमेल : कसं सोडू? व्हॉल्व्हला तुमचं सील. तपासणी झाल्याशिवाय सील तोडायचं नाही. आणि सील तोडल्याशिवाय तुम्ही तपासणार काय?

रोवेना : असं कसं असेल? थांबा... नियमात आहे, सील अधिकाऱ्यानं जागेवर येऊन तोडायचं.

असुंता : अधिकारी आला कधी?

रोवेना : मधे ठरलं, फोटोच मागवायचे. प्रवासखर्च वाचतो.

गुरमेल : उंटावरून शेळ्या हाकायच्या! तसे या देशात उंट काही कमी नाहीत.

रोवेना : झालं बोलून? पक्कड द्या, सील मीच तोडते. आणि मला शेवटचं झाड दाखवा. तिथं पाणी आलं तरच मी मानेन.

असुंता : ते काय, मोका पसरलाय ना, ते. जा, उभी राहा तिथं. गुरमेल, सोड रे!

गुरमेल : सोडलं! येतंय का?

रोवेना : नाही!

गुरमेल : नळीत हवा असेल. आता?

रोवेना : कोरडं ठणठणीत आहे इथं! मिसेस बोर्तोलिन, मला वाईट वाटतं, पण...

असुंता : थांब गं, पोरी. लांबचा पल्ला आहे. थांब.

रोवेना : किती थांबू? कुठे काही... अगं बाई! हा काय उडाला एकदम! अरे, माझ्या अंगावर नको झाडूस! भिजवलंन मला!

असुंता : कोण? कोण भिजलं?

रोवेना : मोका! पोटाखालून फवारा आला त्याच्या! आलं पाणी! आलं!

असुंता : घे! हातच्या कांकणाला आरसा कशाला?

गुरमेल : मॅडम, काढा आता फोटो. कुत्र्यासकट.

रोवेना : काढतेच. आणि ही घ्या सही. गुरमेल, उरलेली सात शेतं उद्या बघू. सगळ्यांना बोलवा. ज्याचं पाणी तपासायचं, त्याच्या शेवटच्या झाडापाशी शेजाऱ्यानं उभं राहायचं, उघड्यावर, सगळ्यांदेखत. खात्यालाही असंच लिहिणार आहे मी. फोटो नुसते मागवू नका, माणूस पाठवा.

गुरमेल : ऐकतील?

रोवेना : नाही ऐकलं तर त्यांनाच आणीन इथं भिजायला. नोना, कॉफी मिळेल का? अन् तुम्ही कुठे निघालात?

असुंता : त्या शेवटच्या झाडाकडे. सिल्व्हियोनं स्वतःच्या हातानं लावलेलं ते. म्हणायचा, तुझं पाणी इथवर कधी पोचायचं नाही. सांगून येते त्याला. मोका, तूही चल रे. माझ्या एकटीच्या सांगण्यावर त्याचा कधी विश्वास बसला नाही.