रविवारचा रियाज

नीता : दुपारी एकला वाजवणार? एकला मिटाग्सरूहे सुरू होते, चारू. दुपारची शांतता, आवाज बंद. खालच्या मजल्यावरची फ्राऊ पावणेएकपासूनच छताला कान लावते.

चारुदत्त : लाओसमध्ये तेव्हा सात वाजतात. गाव जेवूनखाऊन जमतं.

नीता : गुरुजी गेले, वाईटच झालं. पण मयत तिकडे आणि वाजवायचं इथे जर्मनीत, एश्बॉर्नमधून?

चारुदत्त : तिकडे सुतकाचं घर गप्प ठेवत नाहीत. लोक बसतात, पत्ते खेळतात, बांबूची खेन वाजते. गुरुजींनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरी वाजवली. त्यांच्या घरी शिष्यानं वाजवावी, असं नोयचं म्हणणं.

नीता : नोय?

चारुदत्त : मुलगी त्यांची. व्हिडिओ कॉल लावून फोन शवपेटीजवळ ठेवणार आहे.

नीता : मग वाजव की. माझ्या आईचं ऑपरेशन होतं आणि तू तीन आठवडे तिकडे त्यांच्याकडे बांबूच्या नळ्यांत फुंकर मारायला शिकत होतास. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

चारुदत्त : नुसती फुंकर नाही. श्वास आत घेतानाही वाजते.

नीता : तेच ते. दर रविवारी दार लावून व्हिडिओ कॉलवर त्यांना ऐकवायचास. छान वाजायचं हं, खोटं कशाला बोलू.

चारुदत्त : ते गुरुजी होते.

नीता : म्हणजे?

चारुदत्त : निघताना त्यांचं वाजवणं रेकॉर्ड केलं होतं. रविवारी मी खेन तोंडाला लावायचो आणि लॅपटॉपवरून ते सोडायचो.

नीता : त्यांचंच. त्यांनाच.

चारुदत्त : पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, सरावाला वेळच नव्हता. म्हटलं, पुढच्या रविवारी खरं वाजवू.

नीता : किती रविवार झाले?

चारुदत्त : चौदा महिने.

नीता : आणि त्यांना कळलं नाही?

चारुदत्त : मला वाटलं, वय झालंय, लाइन तुटते. ‘आता जमलं’ म्हणायचे. जर्मनीत माझा शिष्य आहे, असं गावभर सांगून ठेवलंय.

नीता : आल्झो, मग आज खरी वाजव. वाईट वाजव, पण वाजव.

चारुदत्त : हिवाळाभर हायत्सुंगच्या हीटरशेजारी होती. बांबू तडकलेत. चार नळ्या बोलतात. त्यातली एक थांबत नाही.

नीता : आणि रेकॉर्डिंग लावलंस तर?

चारुदत्त : गाव चाळीस वर्षं त्यांनाच ऐकतंय. माणूस पेटीत, मग वाजवतंय कोण?

नीता : नोयला लिही. आत्ता. जे मला सांगितलंस ते. आणि सुरुवातीला ‘आशा आहे आपण कुशल असाल’ नको.

(चारुदत्त टाइप करतो. दोन ओळी खोडतो.)

चारुदत्त : गेलं. वाचलंन तिनं.

नीता : काय म्हणते?

चारुदत्त : लिहितेय. थांबली. पुन्हा लिहितेय.

नीता : मोठ्यानं वाच.

चारुदत्त : ‘आम्हाला माहीत आहे. वाजवताना मध्येच बाबा खोकतात. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, हा खोकला माझा.’

नीता : अगं बाई. आणि तरी वर्षभर...

चारुदत्त : ‘नंतर त्यांचे हात कापायला लागले. वाजवणं सुटलं. रविवारची वाट बघायचे. तेवढंच स्वतःचं ऐकायला मिळायचं.’

नीता : मग आज काय करायचं?

चारुदत्त : ‘तेच लावा. खोकला कापू नका.’

नीता : बस, एवढंच?

चारुदत्त : खाली आणखी एक ओळ आहे. खेन तोंडाला लावायची गरज नाही म्हणते.