खालून आलेला चहा

कालव्याकाठच्या दुकानात एडविन पाव घेऊन रांगेत उभा होता. पुढच्या ग्लेनिसला तिच्या ओळखीच्या मॉरीननं हटकलं.

"अगं, तू इथं कशी? तुमची बोट तर आत्ताच पुलाखालून गेली."

"मला न घेता? क्लाइव्हनंच पाठवलं मला, बिस्किटं संपली म्हणून."

"तुझा नवरा सुकाणू धरून उभा होता की."

"मी परत चढले असं वाटलं असेल त्याला. चहा हवा झाला की टपावर ठोकतो, मी खालच्या खोलीतून कप वर देते. आता बसला असेल ठोकत."

"ठोकलं ना. खालून हात आला, कप घेऊन. तूच असशील म्हणून मी काठावरून हातही हलवला."

एडविननं पाव दुसऱ्या हातात घेतला.

"कप घेऊन काय केलं त्यानं?" ग्लेनिसनं विचारलं.

"वाकून आत बघितलं आणि हसला."

"माझ्या चहाला तो कधी हसला नाही."

"चल, पळ. बोट माणसाच्या चालीनंच जाते. पुढं कालव्याचे पाणी अडवणारे दरवाजे आहेत, कोणीतरी काठावर उतरून उघडेपर्यंत अडकेल तिथं."

"पळत नाही मी. लांबूनच बघते, दरवाजे उघडायला कोण उतरतंय ते."