यजमानांचं नाव

मार्च १९७७. रोहण्याच्या शाळेत मतदानासाठी लागलेली बायांची रांग यादीवाल्या साहेबांच्या टेबलापाशी अडली होती. पुढे एक म्हातारी, मागे तिची सून, तिच्या मागे मी.

"आजी, यादीत आनंदाबाई काळे दोन आहेत. एकीचं मत पडलंय. ते तुमचं नव्हतं ना? यजमानांचं नाव सांगा."

"सुनेले विचारा."

"तुमच्या तोंडून हवं. नाहीतर बाजूला व्हा."

"घ्या नं नाव, आत्याबाई. मत जाईन तुमचं."

"उभ्या जन्मात नाई घेतलं, प्रमिला. आता ते नाईत, तं घेऊ?"

"वा! मताच्या पहिल्या यादीच्या वक्ती बाया 'रूपरावची बायको', 'तानबाची माय' असंच सांगत. तवा गावोगाव भांडल्या कोन? तुमीच नं? माह्या मायले तुमी म्हनाल्या, सोताचं नाव सांग, नाईतर मत भेटनार नाई."

"सोताचं सांगाले लावलं. नवऱ्याचं नाई."

"आजी, शेवटचं विचारतो."

"आत्याबाई, लग्नात घेतलं तसं घ्या. उखाण्यात."

"इथं? पोलिसापुढं?"

"इथंच. तुमचं मत गेलं तं मी बी देत नाई."

"...बरं. आयका, साहेब.
घरोघरी हिंडून म्या बायांची नावं लिवली,
वासुदेवरावांनी तवा घराले आतून कडी लावली."

रांगेत कोणी हसलं नाही.

"वासुदेव काळे. बरोबर. तुमचं मत बाकी आहे. इथे अंगठा लावा."

"अंगठा काऊन? पेन द्या."