ठिणगी थोरल्याची, पेट्रोल धाकट्याचं

मिस्त्री : थांबा, थांबा. ट्रकच्या बॉनेटला दोन कुलपं?

थोरला : दोन. एक माझं, एक त्याचं. दोघे हजर असल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. कागदातच आहे तसं. पान तीन.

मिस्त्री : कसला कागद?

थोरला : वाटणीचा. वडील गेल्यावर मामांना मध्ये घालून रीतसर केला. घराच्या चार खोल्या, दोन-दोन केल्या. ट्रकचं तसंच. ठिणगीकडचं सगळं माझं. बॅटरी, वायरी, डिस्ट्रिब्युटर, प्लग. पेट्रोलकडचं सगळं त्याचं. टाकी, पंप, इंजेक्टर.

मिस्त्री : आणि दोन्ही एकत्र येतात तिथे? सिलिंडरात?

थोरला : सिलिंडरच्या आत सामाईक.

मिस्त्री : बरं झालं बाई. चाकं?

धाकटा : डावी माझी. ताई, तुम्ही कागद नंतर वाचा हो. बाराला तपासणी आहे. दोनदा नापास झालीय गाडी. आज तिथे स्वतःच्या चाकांवर पोचली नाही ना, तर नंबर रद्द आणि थेट भंगार. सकाळच्या फेऱ्या या समोरच्या गृहस्थांच्या, दुपारच्या माझ्या. दोन घरं चालतात या एका खटाऱ्यावर.

मिस्त्री : आत्ता दहा वाजलेत. होतंय काय नेमकं?

थोरला : सुरूच होत नाही, ओढत आणली. सेल्फ मारला की उलटा झटका देते. आणि धूर काळाकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. माझ्या बाजूचं चोख आहे. त्याला सांगा.

मिस्त्री : तो दोन हातांवर उभा आहे तुमच्यापासून.

थोरला : सांगा तरी.

मिस्त्री : भाऊ, दादा म्हणतात धूर काळा, म्हणजे पेट्रोल.

धाकटा : त्यांना म्हणावं, झटका पेट्रोलने बसत नाही. ठिणगी वेळेआधी पडली की बसतो. टायमिंग बघा म्हणावं स्वतःचं.

मिस्त्री : दादा, भाऊ म्हणतात...

थोरला : ऐकलं.

मिस्त्री : ऐकू येतं तर!

थोरला : ऐकायला मनाई नाही. बोलणं बंद आहे. नऊ वर्षं झाली.

मिस्त्री : काढा ती कुलपं आधी. ... हं. हा बघा प्लग. ओलाचिंब.

धाकटा : प्लग त्यांचा.

मिस्त्री : ओल तुमची.

थोरला : बघा! मी म्हटलं नव्हतं?

मिस्त्री : एवढ्यात खूश होऊ नका दादा. हा डिस्ट्रिब्युटर कुणी फिरवला?

थोरला : कुठे? थोडा असेल सरकलेला.

मिस्त्री : थोडा? पार मागच्या पाइपाला टेकलाय. आता आणखी फिरवायचा तर पाइप कापावा लागेल. ठिणगी भलतीच लवकर पडतेय. किती वेळा फिरवलात?

थोरला : वर्षातून एकदा. एखाद्या वर्षी दोनदा. चढावर दम लागायचा हो तिला. मला वाटलं, पेट्रोल नीट येत नसणार. आता ते त्याला कोण सांगणार? म्हणून म्हटलं, आपल्याकडून थोडं सांभाळून घेऊ.

मिस्त्री : भाऊ, आता तुमच्याकडचं बघा. हा पेट्रोलच्या प्रेशरचा स्क्रू. आटे संपेपर्यंत आत गेलाय.

धाकटा : ते... दुपारी मी गाडी घेतली की इंजिन आतून ठोकायचं. टक टक टक. ठिणगी लवकर पडतेय, हे काय मला कळत नव्हतं? पण बोलायचं कुणाशी? भिंतीशी? पेट्रोल थोडं वाढवलं की ठोकणं थांबायचं. म्हणून वाढवलं. दरवर्षी अर्धा आटा.

मिस्त्री : म्हणजे असं झालं. यांनी ठिणगी लवकर केली, इंजिन ठोकायला लागलं. ते थांबवायला तुम्ही पेट्रोल वाढवलं, गाडी जड झाली. म्हणून यांनी ठिणगी आणखी लवकर केली. नऊ वर्षं हेच! एकमेकांचं तोंड बघायचं नाही आणि एकमेकांच्या चुका मात्र गुपचूप झाकायच्या. आता पाइप आडवा आला नि आटे संपले, म्हणून ही बंद पडली. मी असतो ट्रक तर पहिल्याच वर्षी पडले असते.

थोरला : असते.

मिस्त्री : काय?

थोरला : तुम्ही 'असतो' म्हणालात. बाईमाणूस आहात, 'असते' हवं.

मिस्त्री : डोकं फिरलंय माझं, काहीही म्हणेन! ही असली वाटणी सुचली तरी कुणाला?

धाकटा : दोघांनाही.

मिस्त्री : पण का?

धाकटा : वडिलांच्या छातीत दुखायला लागलं त्या सकाळी. त्यांना ट्रकमध्ये बसवलं आणि ट्रक सुरूच होईना. मी म्हटलं ठिणगी. हे म्हणाले पेट्रोल. भांडत भांडत सेल्फ मारत राहिलो. शेवटी शेजारच्यांच्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

थोरला : म्हणून ट्रकचे असे भाग केले. पुढच्या वेळी निदान कळावं, कुणामुळे.

मिस्त्री : अहो, त्या दिवशी हा ट्रक इथेच ओढत आणला होता की. याच शेडमध्ये. माझ्या वडिलांनी उघडला, मी टॉर्च धरला होता. संध्याकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाला. सगळं तपासलं, काही सापडलं नाही. तुम्ही घाईघाईत सेल्फ मारून मारून प्लग ओले केले असणार. ते आपोआप वाळले.

थोरला : हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?

मिस्त्री : विचारायला आलात कुठे तुम्ही? ट्रक न्यायला मामा आले. माझे वडील म्हणायचे, येतील पोरं, विचारतील.

थोरला : मी येऊन गेलो होतो. त्या फाटकापर्यंत. दोनदा.

मिस्त्री : मग?

थोरला : माझ्या बाजूचं काही निघालं असतं तर? मला झोप लागली असती का पुन्हा?

धाकटा : ताई, त्यांना सांगा, मी पण आलो होतो.

मिस्त्री : ऐकलंय त्यांनी. हे बघा, साडेदहा झालेत. प्लग पुसून मी दोन्हीकडचं थोडं थोडं मागे घेते, म्हणजे सुरू तरी होईल. बाकीचं चालू इंजिनावर. आणि दोघांनी एकदम. दादांनी एकट्याने ठिणगी मागे आणली तर एवढ्या पेट्रोलात इंजिन गुदमरेल. भाऊंनी एकट्याने पेट्रोल कमी केलं तर ठोकून ठोकून पिस्टन फुटेल.

थोरला : तुम्हीच करा ना दोन्ही. त्रयस्थ म्हणून. पान पाच.

मिस्त्री : मला हात दोनच आहेत, आणि ते कुठल्याच पानावर नाहीत. एका हातात हा टायमिंगचा लाइट, दुसरा ॲक्सिलरेटरच्या तारेवर. पुलीवरची पांढरी खूण दहाच्या आकड्यावर आली पाहिजे. दादा, डिस्ट्रिब्युटर धरा. भाऊ, तुम्ही स्क्रू. मारते सेल्फ.

(इंजिन सुरू होतं. यापुढे सगळे ओरडून बोलतात.)

थोरला : ताई! त्याला सांगा, जरा सावकाश...

मिस्त्री : भाऊ, दादा म्हणतात... गेलं! बंद पडलं! मी सांगेपर्यंत तुमचं सावकाश शिळं होतंय हो!

धाकटा : त्यांना सांगा, त्यांनीच घाई केली.

मिस्त्री : नाही सांगत. माझं निरोप पोचवायचं काम आत्ता, या क्षणाला बंद. ही नोकरी सोडली मी. पुन्हा एकदाच सेल्फ मारणार आहे, त्याहून जास्त तुमची बॅटरी देणार नाही. तिसऱ्यांदा ढकलत न्या भंगारात. एक डावीकडून, एक उजवीकडून.

थोरला : पण...

मिस्त्री : मारतेय! चला, फिरवा! तीस... अठ्ठावीस... चोवीस...

धाकटा : गुदमरतेय!

मिस्त्री : मला सांगू नका!

धाकटा : दादा! हळू!

थोरला : ...तू सोड! थोडं सोड अजून!

धाकटा : सोडलं! आता तू!

मिस्त्री : अठरा! पंधरा!

थोरला : ठोकतंय का रे?

धाकटा : नाही! ये, ये, ये मागे! अजून! आवाज बघ कसा झाला! बस, दादा, थांब!

थोरला : थांबलो.

मिस्त्री : दहा. कुणी हलू नका. बोल्ट आवळते. ... झालं. बघा, धूरच नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी असाच आवाज होता हिचा.

धाकटा : हो.

मिस्त्री : आता रडायला वेळ नाही. सव्वाअकरा होत आलेत, निघा. कोण चालवणार?

धाकटा : सकाळची पाळी त्यांची. मी मागून चालत येतो.

मिस्त्री : चालत? केबिनमध्ये दोन सीटा आहेत ना?

धाकटा : त्या दुसऱ्या सीटवर वडील बसायचे. कागदात ती कुणाच्याच नावावर नाही.

थोरला : ताई, त्याला सांगा, त्या सीटवर माझा डबा आहे.

मिस्त्री : नोकरी सोडली मी. बारा वाजतील हो.

थोरला : डबा मांडीवर घे.